पाणी साठविणे आणि पाणी वाटणे



आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेस, खानापूरच्या रानात, पावसाळ्यात सूर्यदर्शन दुर्लभ होते. आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस, अथणीकडे, शेतकरी आषाढातही आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि पूर्वेस त्यांचा केवळ शेष पोहोचतो. या प्रदेशास भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. सांगली, सोलापूर आणि पुणे या जिल्ह्यांचा मोठा भाग याच पट्ट्यात मोडतो.

परंतु पाऊस थोडा म्हणजे पाणी मुळीच नाही, असे नव्हे. एक साधे गणित करून पाहू. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर अर्धा मीटर उंचीचे पाणी पडले, तर ते ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर झाले! मग दुष्काळ का पडतो? कारण हा पाऊस मोजक्या दिवसांत, सरींवर सरी कोसळून पडतो. उघड्या डोंगरउतारावरून तो माती घेऊन धावतो आणि ओढ्याला मिळून निघून जातो. पिकाला पाण्याची खरी निकड लागते, तेव्हा ओढा कोरडा असतो.

म्हणून पहिले कार्य पाणी अडविण्याचे. ते नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे करावयाचे असते. उतारावर समान उंचीच्या रेषेने बांध घातले, की धावते पाणी चालू लागते. ओढ्यावर लहान बंधारे घातले, की चालणारे पाणी थांबते. आणि खाली पाझर तलाव बांधला, की थांबलेले पाणी जमिनीत मुरते. पाझर तलावाचे पाणी पाटाने शेतास द्यावयाचे नसते. ते भूगर्भात उतरून खालच्या विहिरींना मिळावे, हाच त्याचा उद्देश. जमिनीच्या पोटात साठलेल्या पाण्यास ऊन सहजी शोषू शकत नाही.

येथवर विषय स्थापत्यशास्त्राचा झाला. खरा कठीण प्रश्न यापुढेच उभा राहतो : साठलेले पाणी कोणाचे? ज्याच्याजवळ विहीर खोल खणण्यास पैसा आहे, तो अधिक पाणी उपसतो आणि शेजाऱ्याची विहीर आटते. बांध सर्वांनी घातला. ऊस मात्र एकाच्याच शेतात उभा राहिला, असे घडू लागते.

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात या प्रश्नाचे एक विचारपूर्वक उत्तर शोधण्यात आले. १९७२ च्या भीषण दुष्काळात विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहिली. खडीने रस्ते होतील, पण पुढील वर्षीचा दुष्काळ टळेल काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे १६ हेक्टर माळरान जमीन कराराने घेतली आणि तेथे बांध, पाझर तलाव व विहीर करून प्रयोग आरंभिला. त्यातूनच ‘पाणी पंचायत’ उदयास आली.

पाणी पंचायतीचे नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नसून कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात असावा : दर माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांचे. पाच माणसांच्या कुटुंबाची जमीन वीस एकर असो वा तीन एकर, पाणी अडीच एकरांचेच मिळणार. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येत नाही. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा आहे. उसासारखी बारमाही पिके घ्यावयाची नाहीत. कारण ऊस ज्वारीच्या चौपटीहून अधिक पाणी पितो. योजनेच्या खर्चाचा काही हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा, आणि पाणी सोडणारा पाटकरी पंचायतीनेच नेमावयाचा.

हा विचार अगदीच नवा नव्हता. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर शतकानुशतके ‘फड पद्धत’ चालत आली. बंधाऱ्याखालील शेतीचे मोठे भाग म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. पाणी अपुरे दिसल्यास गावकरी एखादा फड कोरडा ठेवीत, आणि त्यामुळे झळ एकट्यादुकट्याला न बसता सर्वांत वाटली जाई.

पाणी पंचायतीचा मार्ग निष्कंटक होता असे मात्र समजू नये. उसाचा नगदी पैसा खुणावू लागला, की संयमाचे नियम जाचक वाटतात. साळुंखे २००२ मध्ये निवर्तले. पाटबंधाऱ्यांचे पाणी आजही प्रायः जमिनीच्या हिशेबानेच मिळते. माणशी पाण्याचे तत्त्व सार्वत्रिक झालेले नाही. तरीही त्या तत्त्वाने विचारलेला प्रश्न टळत नाही : आभाळातून पडणारे पाणी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कोणाच्या नावे लिहावयाचे?

मित्रांनो, सुटीत एक उद्योग करा. आपल्या घराच्या छपराचे क्षेत्रफळ चौरस मीटरांत मोजा आणि त्यास ५०० ने गुणा. येणारा आकडा हा ५०० मिलिमीटर पावसात त्या छपरावर पडणाऱ्या पाण्याचा, लिटरांत. नंतर आपल्या गल्लीतील विहिरी मोजा आणि त्यांतील किती वैशाखात जिवंत असतात ते वडीलधाऱ्यांस विचारा. बांध घालणे हे हातांचे काम आहे. वाटणी करणे हे मनाचे. दुष्काळ हटविण्यास दोहोंचीही तितकीच गरज असते.