वैकुंठाच्या नावे उधारी

या महिन्याच्या पाठाचा आरंभ शास्त्रवचनाने न करता एका बाईच्या प्रश्नाने करतो. प्रश्न आम्हांलाच विचारला गेला आणि त्याचे उत्तर आम्हांला तेथल्या तेथे देता आले नाही. म्हणूनच तो पाठास योग्य.

मुळशी खोऱ्यात, धरणाच्या काठच्या एका गावी, अखंड हरिनाम सप्ताहात आमची सेवा होती. काल्याचे कीर्तन आटोपून आम्ही पंगतीस बसणार, तोच ऐंशीच्या घरातली एक माउली काठी टेकीत जवळ आली नि म्हणाली, "महाराज, वैकुंठात पोथी असती का वो?" आम्ही हसून म्हटले, "माउली, जेथे साक्षात देव, तेथे पोथीचे काय काम?" ती म्हणाली, "मंग माझं वाचायचं राह्यलंच म्हना की."

पंगतीतला घास आमच्या घशाखाली उतरेना. कारण एकदम आठवण झाली. वीस-बावीस वर्षांपूर्वी याच गावी, याच माउलीने आम्हांला एक गोष्ट विचारली होती. पारायणाचे वाचक व्यासपीठासमोर ओळीने बसत, आणि ही त्यांच्या मागे हात जोडून बसे. घरी मालकांच्या मागे राहिलेली ज्ञानेश्वरी होती, लाल फडक्यात बांधलेली. रोज तिला हळदकुंकू वाही, पण पान कधी उघडले नाही. तिने विचारले होते, "मी अक्षरं शिकू का महाराज? एकदा माझ्या डोळ्यांनी वाचावी वाटती." आम्ही तेव्हा पाठशाळेतल्या विद्येच्या ऐटीत होतो. म्हणालो, "आता या वयात अक्षरांचा सोस कशाला? श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली. नाम घ्या, वैकुंठी गेल्यावर सगळे आपोआप कळेल." मंडळींनी माना डोलावल्या. तिनेही डोलावली, आणि पाटी आणायचा बेत सोडून दिला. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचा आहे. तो कबूल करून मग पुढचा विचार सांगतो.

पूर्वपक्ष असा. देह नाशवंत, आयुष्य थोडे, मनोरथ अनंत. एक पुरवावा तर दहा उभे राहतात. तेव्हा सगळे मनोरथ बाजूला सारून परलोकाकडे डोळे लावावेत, हाच शहाणपणा. ऐकायला हे किती गोड लागते! कीर्तनात म्हटले तर टाळीही पडते. पण शास्त्राचा निर्णय असा आहे काय?

मीमांसकांनी स्वर्गाचा केवढा ऊहापोह केला आहे. यज्ञ आज होतो आणि फळ मेल्यानंतर मिळते, म्हणून मधला दुवा जोडायला त्यांनी 'अपूर्व' मानले. पण बरं का, त्या शास्त्रातही स्वर्ग मिळतो तो काही केल्याने. हात बांधून बसल्याने नव्हे. शबरस्वामींनी तर स्वर्ग म्हणजे कोणी पदार्थ नव्हे, स्वर्ग म्हणजे प्रीती, अर्थात सुख, असा निर्णय दिला. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवान सांगतात की, यज्ञ करून स्वर्गाला गेलेले लोक पुण्य सरले की पुन्हा मृत्युलोकीच येतात. या स्थळी ज्ञानोबारायांनी स्वर्गाची काही भीड ठेवलेली नाही. आणि सातव्या अध्यायात तोच भगवान म्हणतो की, धर्माच्या आड न येणारी जी इच्छा, ती मीच. मग एखाद्याची पोथी वाचायची इच्छा आम्ही कोणत्या अधिकाराने सोस ठरविली?

कोणी शंका काढील की, स्वर्ग वेगळा, वैकुंठ वेगळे. वैकुंठाहून परतणे नाही. ठीक. पण आपल्या संतांनी वैकुंठाचे काय केले तेही पाहा. त्यांनी पंढरीलाच भूवैकुंठ म्हटले, आणि तेथे मेल्यावर नव्हे तर जिवंतपणी, याच पायांनी चालत जायचे ठरविले. पुंडलिकरायाची कथा लहान मुलालाही ठाऊक आहे. प्रत्यक्ष देव दारी आला, पण हातातली आईबापांची सेवा त्याने थांबविली नाही. वीट फेकली आणि देवालाच उभे केले. देवासाठी त्याने काम तहकूब केले नाही, कामासाठी देवाला थांबविले, आणि देव रागावला नाही. तुकोबारायांनी तर मोक्षच नाकारला आणि संतसंग मिळणार असेल तर पुन्हा जन्म मागितला. ज्या संप्रदायाचे महंत मुक्तीला मागे सारतात, त्यात वैकुंठाच्या नावावर आजचा दिवस गहाण टाकणे कोठून आले?

आणखी एक. शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानोबारायांनी गीता मराठीत आणली ती कोणासाठी? ज्यांच्या वाट्याला संस्कृत नव्हते त्यांच्यासाठी. वेद संपन्न खरा, पण तो तिघा वर्णांपलीकडे कोणास काही देत नाही म्हणून कृपण, असे त्यांनी अठराव्या अध्यायात सांगितले आहे. 'पुढल्या जन्मी अधिकार येईल, तोवर थांबा' असे त्यांना म्हणता आले नसते काय? त्यांनी थांबविले नाही. बहिणाबाईंना (१६२८–१७००) घरातून मार बसला, तरी त्यांनी तुकोबारायांचा ध्यास सोडला नाही, आणि स्वतःचे चरित्र स्वतःच अभंगांतून सांगितले. असे असता आम्ही ज्ञानेश्वरीच्या मागे उभे राहून एका बाईला ज्ञानेश्वरीपासूनच दूर ठेवले. याहून उफराटे काय असेल!

आता नीट ध्यानात घ्या, आम्ही त्यागाविरुद्ध बोलत नाही. एखादी गोष्ट सोडण्याच्या तीन तऱ्हा आहेत. आईबापांसाठी, लेकरांसाठी आपली हौस मागे ठेवली, तो त्याग. वस्तूचे असारपण कळून इच्छाच गळून पडली, ते वैराग्य. या दोन्हींत मन मोकळे होते. तिसरी तऱ्हा अशी, की इच्छा तर गेलेली नाही, पण भीतीने, आळसाने किंवा चार लोक काय म्हणतील म्हणून तिला 'पुढे बघू' म्हटले आणि वर वैकुंठाचे नाव घातले. ही उधारी. हिच्यात भोगही नाही, त्यागही नाही. ओळखायची खूण सोपी आहे: त्यागाची वस्तू पुन्हा स्वप्नात येत नाही, उधारीची रोज येते. त्या माउलीचा प्रश्न वीस वर्षांनी ओठावर आला, त्यावरूनच कळते की ते वैराग्य नव्हते.

मुळशीच्या शेतकऱ्याला हा दृष्टांत सांगावा लागत नाही. भाताचे रोप तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की चिखलणी करून लावणी साधावी लागते. 'बघू पुढल्या पंधरवड्यात' म्हणून रोप वाफ्यातच ठेवले तर ते मरत नाही, हिरवेच दिसते. पण जून होते आणि मागून लावले तरी फुटवे थोडे येतात. मनोरथाचेही तसेच. तो मेलेला दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो.

यावर एक आक्षेप खरा आहे, आणि तो याच खोऱ्यातून येतो. मुंबईस वीज मिळावी म्हणून टाटा कंपनीने येथे धरण बांधले. अनेक गावे, भाताची खाचरे, देवळे पाण्याखाली गेली. या माउलीच्या सासरचे मूळ गावही त्यातच गेले. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना वैकुंठाचा आधार दिला तर काय बिघडले? काहीच बिघडले नाही. जे परत येणार नाही त्यासाठी देवाचा आधार घ्यावाच. तो आधार नसता तर माणूस जगता ना. पण क्रम पाहा. त्या मावळ्यांनी आधी वैकुंठ धरले नाही. १९२१ सालच्या रामनवमीस, १६ एप्रिलला, ते सत्याग्रहास बसले. सेनापती बापट पुढे होते, तुरुंगवास झाला, १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झालेच, लढा हरला. म्हणजे आज केले की यश येतेच असे आम्ही म्हणत नाही. पण जे हाती होते ते त्यांनी केले, आणि मग उरले ते देवावर सोडले. गाव पाण्याखाली गेले, तेथे समाधान सांगणे योग्य. पोथी मात्र पाण्याखाली गेली नव्हती. ती फळीवर कोरडी होती, लाल फडक्यात. तिच्यासाठी आम्ही वैकुंठ सांगितले, हीच चूक.

आणि 'या वयात' हे आमचे म्हणणेही खोटे ठरले आहे. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून तेथे अक्षरे गिरवू लागल्या. आपल्याला पोथी वाचता यावी, ही त्यांचीही आस होती.

त्या काल्याच्या पुढच्याच एकादशीस आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन माउलीच्या घरी गेलो आणि पाया पडून क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुमी का पडताय महाराज, मीच ऐकलं न्हवं." एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालेला आहे. तिसरीतली पणती तिला 'ग म भ न' शिकविते. ओवी अजून वाचता येत नाही, कदाचित येणारही नाही. पण पोथी फडक्यातून बाहेर आली आहे, आणि पानावरचा 'म' दिसला की ती त्यावर बोट ठेवते.

आमच्या कीर्तनकार बंधूंना हात जोडून इतकेच सांगणे: 'संसार असार' म्हणण्यापूर्वी समोर कोण बसले आहे ते पाहावे. सप्ताहात दुपारचा एक तास अक्षरओळखीला द्यावा. पारायणाच्या ओळीमागे हात जोडून बसलेल्यांपैकी एकाला तरी ओळीत आणून बसवावे. आणि वाचक माउलींनी आज रात्री स्वतःला विचारावे की, आपल्या फळीवर फडक्यात बांधलेले काय आहे? जे त्यागिले असेल ते आनंदाने विसरा. जे उधारीवर असेल ते सोडवून घ्या. वैकुंठात पोथी असते की नाही हे आम्हांला सांगता येणार नाही. येथे आहे, इतके नक्की.

रामकृष्ण हरि.