रुईशी तिसरं लग्न

पूर्वी तिसरं लग्न अशुभ मानायचे. म्हणून बिजवराने पुन्हा घोड्यावर बसायचं ठरवलं, की आधी त्याचं रुईशी लग्न लावायचं. मग येणारी बायको चौथी ठरायची. मी एकाच बायकोत सुखी आहे, पण काशीत, शिंदे घाटावरच्या गच्चीत रुई लावताना तिसऱ्या खेपेलाच यश आलं.

१. रुई मी कधी नीट पाहिलीच नव्हती. गावाकडे ती माळावर, उकिरड्याशेजारी असायची. शनिवारी मारुतीसाठी पानं तोडण्यापुरती ओळख. इथे महादेवासाठी 'मदार'ची, म्हणजे रुईचीच, माळ विकत घेतली, तेव्हा ती जांभळट, मेणातून घडवल्यासारखी फुलं आणि मधोमधचा इवलासा मुकुट दिसला. फुकट होती तोवर दिसली नव्हती.

२. पहिलं रोप लाडाने गेलं. शेणखत, रोज तांब्याभर पाणी, मुळं कुजली. दुसरं पायऱ्यांच्या फटीतून उपटून आणलं. सोटमूळ खालीच राहिलं, त्याने चार दिवसांत मान टाकली. तिसऱ्यांदा उडत आलेल्या म्हातारीचं बी घेतलं, निम्म्या वाळूत जेमतेम झाकलं, कुंडी भर उन्हात ठेवली. रोप रुजल्यावर माती सुकल्याशिवाय पाणी दिलं नाही. जगलं.

३. देवाला चालते म्हणून आपल्यालाही चालेल, असं नसतं. फांदी छाटून तसाच हात डोळ्याला लावला. चिकाने डोळा सुजला. तेव्हापासून हातमोजे.

४. पानांवर पट्टेरी अळ्या दिसल्या आणि मी फवारणीला निघालो. आळसाने वाचवलं. काही दिवसांनी त्यांचीच केशरी फुलपाखरं झाली, बिबळ्या कडवा. मला सुजवणारा तो चीकच पचवून ती पक्ष्यांना कडू लागतात.

५. वजनाचा भरवसा नाही. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधला. इतका भारी, की तो खचला. शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ अजून कललेलं आहे. त्याच दगडांच्या फटीत बिनवजनाची म्हातारी उतरते आणि पाय रोवते. माझ्या कुंडीपासून हातभरावर, भिंतीत, अशीच एक रुई आली आहे. माझ्या रुईपेक्षा तिची तब्येत बरी. तिचं लग्न कुणी लावलं नव्हतं.