तिची बेरीज बरोबर होती : प्रत्येक मुलापर्यंत पोहोचणारा पाठ



आज समावेशित शिक्षणाबद्दल लिहायचं आहे. हा शब्द आपण प्रशिक्षणात इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. म्हणून व्याख्या बाजूला ठेवते आणि एका वहीपासून सुरुवात करते.

तिसरीचा वर्ग. हातच्याची बेरीज चालू होती. फळ्यावर मी ४६ + २९ हे उदाहरण दिलं होतं. एका मुलीच्या वहीत उत्तर होतं ७७. मी लाल पेनाने फुली मारली आणि शेजारी शेरा लिहिला, ‘हातचा घेतला नाही.’ असे शेरे तिच्या वहीत जूनपासून होते. ‘लक्ष नाही’, ‘सराव कर’, ‘शेजारच्या वहीत बघू नये’. तोंडी विचारलं की उत्तर बरोबर, वहीत मात्र चुकाच चुका. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की मुलगी हुशार आहे, पण आळशी आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभेसाठी वह्या काढून बसले, तेव्हा तिचं उदाहरण पहिल्यांदा नीट वाचलं. तिने ४६ + २९ लिहिलंच नव्हतं. तिने लिहिलं होतं ५६ + २१. आणि छप्पन्न अधिक एकवीस सत्त्याहत्तरच होतात! त्या बेरजेत हातचा येतच नाही, मग ती घेणार कुठून? मागची पानं उलटली. कुठे ४ चा ५ झालेला, कुठे ९ चा १, कुठे ३ चा ६. तिने लिहिलेल्या आकड्यांप्रमाणे बहुतेक बेरजा बरोबर होत्या. तिला शेवटच्या रांगेतून फळा दिसत नव्हता आणि मी चार महिने बरोबर उत्तरांवर फुल्या मारत होते.

पालकसभेत तिच्या आईला हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, घरीबी टीव्हीला चिकटूनच बसती. डोळं खराब होतील म्हणून मी रोज मागं वढते.” त्या गप्प झाल्या. मीही गप्प झाले. आम्ही दोघीही तिच्या भल्यासाठीच रागवत होतो.

ती कोणत्याच यादीत नव्हती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार सांगितले आहेत. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. वाचन-लेखन-गणन यांतील विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या यादीत आली. अशी मुलं लवकर ओळखावीत आणि त्यांना शिकताना योग्य त्या सोयी द्याव्यात, ही जबाबदारीही कायद्याने शाळांवर टाकली आहे.

पण चष्म्याने सुटणारी नजर या कायद्यात दिव्यांगत्व ठरत नाही. म्हणजे माझ्या वर्गातली ही मुलगी विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या माहितीत कधीच आली नसती. तशीच ती मुलं, ज्यांचा कान सर्दीने महिनाभर बंद असतो. ज्यांच्या घरी वेगळी बोली बोलली जाते. जी ऊसतोडीहून मध्येच परत येतात. यादी हवीच, तिच्याशिवाय हक्काच्या सोयी मिळत नाहीत. पण पाठ मात्र यादी बघून तयार करून चालत नाही. कोणाला काय अडतंय हे आपल्याला कळायला चार महिने लागू शकतात. तोपर्यंत ते मूल शिकत राहिलं पाहिजे, असा पाठ हवा.

सुट्टीनंतर तिची तपासणी झाली आणि चष्मा हातात यायला आणखी दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात तिला पुढे बसवलं, पण तेवढ्याने भागेना. म्हणून शिकवण्यात जे बदल केले, तेच खाली देत आहे. यातल्या बहुतेकांना वेगळा खर्च नाही.

१. आधी शेवटच्या रांगेत बसा

शाळा सुटल्यावर फळा पुसू नका. शेवटच्या कोपऱ्यात मुलांच्या उंचीवर, खाली बसून बघा. मी बसले तेव्हा दिसलं की दुपारच्या उजेडात फळ्याचा डावा भाग नुसता चमकतो. लाल आणि निळा खडू तर मलाही वाचता येईना. तेव्हापासून लिहायला फक्त पांढरा आणि पिवळा खडू. आकडे मोठे, दोन उदाहरणांत मोकळी जागा, आणि चमकणारा भाग रिकामा. लॅमिनेशन केलेल्या तक्त्यांचंही तेच. मी हौसेने केलेले तक्ते उजेडात आरशासारखे चमकत होते. ते जागा बदलून लावले.

२. जे लिहाल ते मोठ्याने बोला

‘हे इथून इकडे आलं, याचं हे झालं’ असं आपण सहज बोलतो. फळा न दिसणाऱ्या मुलासाठी या वाक्यात काहीच नाही. त्याऐवजी म्हणा, “सहा आणि नऊ पंधरा. पाच एककाच्या घरात लिहिले, एक दशक हातचा.” मात्र फळ्याकडे तोंड करून बोलू नका. ज्यांना कमी ऐकू येतं ती मुलं आपल्या ओठांकडे बघून बरंच समजून घेत असतात. आधी बोला, मग लिहा, मग मुलांकडे वळून पुन्हा वाचा.

सूचनाही एका वेळी एकच. ‘पुस्तक काढा, पान बत्तीस उघडा, दुसरा प्रश्न वाचा आणि वहीत तारीख टाका’ या वाक्यातल्या चार सूचनांपैकी पहिली आणि शेवटचीच काही मुलांच्या लक्षात राहते.

३. फक्त रंगावर विसंबू नका

‘लाल गोळे मोजा, हिरवे वेगळे करा’ असं आपण पहिलीपासून घेतो. काही मुलांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. हा दोष जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये बराच जास्त आढळतो. त्या मुलाला स्वतःलाही ते माहीत नसतं, कारण त्याने जग तसंच पाहिलेलं असतं. उपाय सोपा आहे. रंगासोबत आकार किंवा खूण द्या. दशक लाल आणि एकक हिरवा दाखवायचा असेल तर दशकाच्या काड्यांचा गठ्ठा बांधा, सुटे सुटेच ठेवा. मग रंग न कळणाराही हाताने ओळखतो.

४. कागद वाचता येईल असा द्या

आपल्या कार्यपत्रिका म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. एका पानात बारा उदाहरणं बसवली की कागद वाचतो, मूल मात्र थकतं. मी एका पानावर सहाच उदाहरणं ठेवते, मोठ्या ठसठशीत अक्षरांत. ज्या मुलांची नजर ओळीवरून घसरते, त्यांना जुन्या पुठ्ठ्याची पट्टी कापून दिली आहे. ती ओळीखाली धरून वाचायचं.

५. आपण नेमकं काय तपासतोय?

हा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी पडला. उताऱ्याचं आकलन तपासायचं असेल, तर एखाद्या मुलाला उतारा वाचून दाखवणं ही कॉपी नाही. वाचन तपासायचं असेल, तर मात्र त्यानेच वाचायला हवं. मला त्या दिवशी बेरीज तपासायची होती आणि मी तपासली होती नजर. आकारिक मूल्यमापनात लेखी चाचणीबरोबर तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, निरीक्षण अशी साधनं आपल्याला दिलेलीच आहेत. ती फक्त नोंदी भरताना आठवतात. ज्या मुलाचा हात लिहिताना अडतो, त्याचं गणित काड्या मांडून बघा.

६. घरी पाठवलेला अभ्यास

गटावर आपण वहीच्या पानाचा फोटो टाकतो. तो फोटो काही पालकांना वाचता येत नाही, काहींना दिसत नाही. दृष्टिहीन पालकाच्या फोनमध्ये टॉकबॅक असतं, ते युनिकोडमध्ये टाईप केलेलं मराठी वाचून दाखवू शकतं. फोटोतल्या हस्ताक्षराचा मात्र भरवसा नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईलचंही तेच, कारण तिच्यात मराठी अक्षरं दिसायलाच असतात. म्हणून अभ्यास चार ओळींत टाईप करा आणि सोबत अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप टाका. शाळेत न गेलेली आजीसुद्धा तो ऐकून नातवाला अभ्यासाला बसवते.

पालकांसाठी थोडंसं

मूल टीव्हीच्या जवळ जातं, पुस्तक नाकाशी धरतं, डोळे बारीक करतं, मान तिरकी करून बघतं, वाचताना ओळ सोडतं, हाक मारली तर एका बाजूनेच वळतं. यात खोडी शोधण्याआधी तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक शाळेत येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथक यायला वेळ असेल तर ग्रामीण रुग्णालयात डोळे दाखवून घ्या. आणि शिक्षकांनो, निदान करणं आपलं काम नाही. ‘याला अमुक आजार आहे’ असं सांगू नका. ‘मला वर्गात असं असं दिसलं’ एवढंच तारखेसह सांगा. डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो.

याची मर्यादा

चांगला फळा आणि स्पष्ट आवाज यांनी सगळं सुटत नाही. अंध मुलाला ब्रेल शिकायलाच हवी, कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा मिळायलाच हवी. त्यासाठी गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची मदत मागावी लागते, आणि ती मिळेपर्यंत पाठपुरावाही करावा लागतो. आपला पाठ सुधारला म्हणून त्यांची गरज संपत नाही.

‘दोन इयत्ता एकत्र, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, वेळ कुठे आहे?’ असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होते. कार्यपत्रिका नव्याने लिहायला वेळ गेला, हे खरं. बाकीच्या गोष्टी मी आधीही करतच होते, फक्त वेगळ्या तऱ्हेने. बोलत होते, पण फळ्याशी. लिहीत होते, पण लाल खडूने.

चष्मा आल्यावर ती मुलगी आपल्या मैत्रिणीशेजारी, पुन्हा मागच्या रांगेत गेली. मला वाटलं, आता सगळं मोठ्याने वाचायची गरज नाही. दुसऱ्याच दिवशी मी न बोलता फळ्यावर उदाहरण लिहिलं, तर पुढच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “मॅडम, वाचा ना. तुम्ही वाचलं की मला कळतं.” त्याला फळा स्वच्छ दिसतो. तो वर्षभर पुढेच बसला होता, आणि त्यालाही काहीतरी अडत होतं हे मला त्या दिवशी समजलं. त्याला नेमकं काय अडतं ते अजून शोधते आहे. तोवर मोठ्याने वाचणं चालू आहे.

एक काम सुचवते. उद्या वर्गातल्या ज्या तीन वह्यांमध्ये सर्वांत जास्त फुल्या असतील, त्या घरी न्या. उत्तरं तपासू नका. मुलाने उदाहरण काय लिहून घेतलंय तेवढंच पाठ्यपुस्तकाशी किंवा तुमच्या टाचणाशी ताडून बघा. मी तिच्या वहीतल्या जुन्या फुल्या तिच्यासमोर बसून खोडल्या आणि बरोबरच्या खुणा केल्या. ती मोजत होती. एकतीस झाल्या.