चित्रात जुळलेली फांदी

न्यूरॉनचं मॉडेल पडद्यावर पहिल्यांदा उमटतं तेव्हा माणूस हरखून जातो. टिटवाळ्याला रविवारी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी सांगते, नेमकं तेव्हाच सावध व्हा.

कल्याणला एमएस्सी करणारी एक मुलगी ‘न्यूरॉन’ या सॉफ्टवेअरमध्ये पिरॅमिडल पेशी बांधून घेऊन आली. येल विद्यापीठात मायकेल हाइन्स यांनी वाढवलेलं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. पवईच्या आयआयटीत यावरच मूत्राशयाच्या स्नायूपेशींची मॉडेल्स झाली आहेत. म्हणजे आपल्या लोकल लाइनीवरच्या मुलांना हे काही दूरचं नाही.

तिच्या मॉडेलमध्ये पेशीच्या गोळ्यात प्रवाह सोडला. रंग बदलत फांद्यांत पसरला, एक फांदी मात्र ढिम्म. मोठं करून पाहिलं, सांधा अगदी चिकटलेला. मग ‘टोपॉलॉजी’ची आज्ञा दिली. ती जोडण्यांचा आराखडा साध्या रेघांनी छापते. त्यात ती फांदी एकटीच, कुणालाही न जोडलेली! बिंदूंचे एक्स, वाय, झेड आकडे बरोबर होते म्हणून चित्र जुळलं होतं. कोडमधली ‘कनेक्ट’ची ओळ राहिली होती म्हणून वीज पोचत नव्हती. चित्र उभं राहतं बिंदूंवर, वीज जाते जोडणीतून. म्हणून मॉडेल चालवण्याआधी टोपॉलॉजी छापून बघायचीच.

जाडीचंही तसंच. फांदीचा व्यास दिला नाही, तर हे सॉफ्टवेअर 500 मायक्रोमीटर धरतं. हा आकडा स्क्विडच्या, कोळीवाड्यातल्या माकूलच्या, राक्षसी अक्षतंतूच्या मापाचा. हॉजकिन आणि हक्सले यांनी 1952 साली समीकरणं मांडली ती त्याच्यावरच. आपल्या मेंदूतली बारीक फांदी जेमतेम एका मायक्रोमीटरची. साध्या चित्रात दोन्ही सारख्याच रेघा दिसतात, म्हणून व्यास दाखवण्याचा पर्याय सुरू करा.

लांब फांदी टोकापर्यंत एकाच रंगात बदलत असेल तर ‘एनसेग’, म्हणजे फांदीचे किती भाग धरायचे तो आकडा, बघा. तो मुळात 1 असतो, म्हणजे अख्ख्या फांदीला एकच व्होल्टेज. तो तिप्पट करा, पुन्हा चालवा. उत्तर बदललं तर आधीच्या उत्तरावर विसंबू नका.

पेशीची तयार आकृती घ्यायची तर ‘न्यूरोमॉर्फो’ हे 2006 पासूनचं भांडार उत्तम. त्यातली एसडब्ल्यूसी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. सात रकाने: क्रमांक, प्रकार, तीन निर्देशांक, त्रिज्या, शेवटी पालक बिंदू. सहावा रकाना त्रिज्येचा, व्यासाचा नव्हे. इथे दुपटीचा घोळ हमखास होतो. मुळाच्या बिंदूला पालक उणे 1. त्या रकान्यात हा आकडा आणखी कुठे दिसला तर तिथे झाड तुटलेलं आहे.

मग आकृती आडवी फिरवा. समोरून सुबक दिसणारी पेशी बाजूने चपटी किंवा पायऱ्यापायऱ्यांची निघते, कारण काचपट्टीवर ऊतक आकसतं आणि खोलीचं माप बिघडतं. आकसण्याची दुरुस्ती केली की नाही, याची नोंद भांडारात पेशीच्या माहितीतच असते. डाउनलोड करण्याआधी ती वाचा.