‘मरून’ : पळून गेलेले आणि सोडून दिलेले

प्रश्न : २०१९च्या महापुरात इंग्रजी वर्तमानपत्रं आमच्या चिखली-आंबेवाडीबद्दल ‘मरून्ड’ असं लिहीत होती. कोशात या क्रियापदाचा अर्थ ‘निर्जन बेटावर सोडून देणे’ असा सापडला. आमच्या गावांना कोणी सोडून दिलं होतं? आणि मरून रंगाशी या शब्दाचं काही नातं आहे का?
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : रंगाचं आधी सांगून टाकतो. तो ‘मरून’ फ्रेंच भाषेतल्या चेस्टनट या तपकिरी फळाच्या नावावरून आला. क्रियापदाचं मूळ निराळं. दोघांचं स्पेलिंग एक झालं, एवढाच योगायोग.

क्रियापदाची हकिकत मात्र ऐकण्यासारखी आहे. कॅरिबियन बेटांवर स्पॅनिश वसाहतवाल्यांची गुरं दावं तोडून डोंगरात जात आणि रानटी होत. त्यांना ‘सिमारोन’ म्हणत. पुढे मालकाच्या तावडीतून निसटून डोंगर गाठणाऱ्या गुलामांनाही तेच नाव पडलं. माणसाला गुरांच्या पंक्तीला बसवणारं हे नाव फ्रेंचमधून इंग्रजीत येताना ‘मरून’ झालं. जमैकातल्या मरून लोकांनी डोंगरात गावं वसवली, शेती केली आणि गनिमी काव्याने इंग्रजांना इतकं जेरीस आणलं, की १७३९मध्ये इंग्रजांना त्यांच्याशी तह करून त्यांचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. पळून येणाऱ्या नव्या गुलामांना परत करण्याची अटही त्या तहात होती, हे दुःखाने नोंदवायला हवं. त्यांच्यातली लढवय्यी पुढारी नॅनी आज जमैकाची राष्ट्रीय वीरांगना आहे. म्हणजे ‘मरून’ हा मुळात स्वतःच्या पायांनी निघून गेलेला माणूस. कोणी टाकून दिलेला नव्हे.

अर्थ फिरला तो सतराव्या शतकाच्या अखेरीपासून, दर्यावर्दी आणि चाचे यांच्या तोंडी. मरून लोकांसारखं वस्तीपासून दूर, रानात राहण्याची पाळी आणणं म्हणजे ‘मरून करणं’. चाच्यांमध्ये ही ठरलेली शिक्षा होती. जॉन फिलिप्स नावाच्या चाच्याच्या जहाजावरचे नियम छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. पळून जाऊ पाहणाऱ्याला किंवा टोळीपासून काही लपवणाऱ्याला एक बाटली बंदुकीची दारू, एक बाटली पाणी, एक बंदूक आणि छर्रे देऊन किनाऱ्यावर उतरवायचं. एक बाटली पाणी किती दिवस पुरणार, हे देणाऱ्यालाही माहीत असे.

या शब्दाची नेमकी छटा एका खऱ्या घटनेतून चांगली कळते, आणि तिचा धागा मुंबईपर्यंत येतो. ऑगस्ट १७२०मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं ‘कॅसँड्रा’ हे जहाज मुंबईला येत असताना, कोमोरो बेटांजवळ एडवर्ड इंग्लंड या चाच्याने त्याला गाठलं. सोबत कंपनीचंच ‘ग्रीनिच’ होतं. लढाई चालू असताना ‘ग्रीनिच’ निघून गेलं. कॅसँड्राचा कप्तान जेम्स मॅक्रे एकटा लढला, हरला, बेटावर लपला आणि शेवटी स्वतःच चाच्यांसमोर जाऊन उभा राहिला. इंग्लंडने त्याचा जीव वाचवला, वर एक मोडकंतोडकं जहाजही दिलं. अन्नपाण्याचे हाल सोसत मॅक्रे मुंबईला पोचला आणि नोव्हेंबरात त्याने इथूनच सगळी हकिकत लिहून पाठवली. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला. इंग्लंडला मात्र त्या दयेची किंमत मोजावी लागली. त्याच्याच माणसांनी त्याचं कप्तानपद काढून घेतलं आणि तिघांसह त्याला मॉरिशसवर उतरवून दिलं. डच ते बेट सोडून गेले होते आणि फ्रेंच वस्ती अजून बसायची होती.

आता क्रियापदं लावून पाहा. ‘ग्रीनिच’ने केलं त्याला ‘डिझर्ट’ म्हणतात. सोबत राहणं कर्तव्य होतं आणि ते ऐन वेळी पाठ दाखवून गेलं. पळपुटा सैनिक किंवा घरच्यांना वाऱ्यावर सोडणारा नवरा, दोघांनाही हेच क्रियापद लागतं. इंग्लंडचं झालं ते ‘मरून’. यात जागा महत्त्वाची. जिथून स्वतःच्या बळावर बाहेर पडता येणार नाही अशा ठिकाणी सोडलं, तरच ‘मरून’. म्हणून प्रेमात दगा देणाऱ्याला हे क्रियापद चालत नाही, तिथे ‘जिल्ट’ आहे. ‘अबँडन’ सर्वांत सैल. मूल, घर, बेत, बुडणारं जहाज, काहीही सोडलं तरी चालतं. ‘स्ट्रँड’ म्हणजे मुळात किनाऱ्याच्या वाळूत रुतणं. गाडी चुकून फलाटावर रात्र काढणारा प्रवासी ‘स्ट्रँडेड’ असतो आणि त्यात कोणाचा दोष असलाच पाहिजे असं नाही.

तुमच्या गावांबद्दलचा वापर हा पुढचा विस्तार. चारी बाजूंनी पाणी, म्हणून गावाचं बेट झालं, एवढंच तिथे अभिप्रेत असतं. ‘मरून्ड बाय फ्लडवॉटर्स’ हे शुद्ध इंग्रजी आहे आणि कोणी सोडून दिल्याचा आरोप त्यात नाही. मराठीत आणताना मात्र ‘सोडून दिलेली गावं’ असं लिहू नये. ‘गावाला पुराचा वेढा पडला’, ‘गावाचा संपर्क तुटला’ हे आपले रोजचे शब्द पुरेसे आहेत.

एक विनंती, विशेषतः बातम्या लिहिणाऱ्यांना. ‘मरून्ड’ या कर्मणी रूपात करणारा दिसत नाही. पुराच्या पाण्यापुरतं ते ठीक. पण इशारा वेळेवर दिला नसेल किंवा बोटी पोचल्या नसतील, तर तो मजकूर या एका शब्दावर भागवू नका. कोणी काय केलं नाही, ते वेगळ्या वाक्यात, कर्त्यासह लिहा.