संगणकावर सॉफ्टवेअर बसविताना येणारा परवानगीचा अडथळा

गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांचे हिशेब आता संगणकावर ठेवले जाऊ लागले आहेत. देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपये खर्चाची योजना केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये मंजूर केली. यंत्र आले म्हणजे त्यावर छपाईचे, हिशेबाचे किंवा शेताच्या नकाशाचे सॉफ्टवेअर बसविण्याचा प्रसंग येतोच. आणि अशा वेळी ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’, म्हणजे ‘प्रवेश नाकारला आहे’, असा संदेश पडद्यावर येऊन काम अडते. मग पुष्कळ जण घाईने त्या फोल्डरचे सर्व हक्क सर्वांना देऊन टाकतात. काम होते खरे, परंतु त्यातून पुढे मोठी हानी संभवते. यास्तव विंडोज प्रणालीच्या संगणकावर हा अडथळा का येतो व तो कोणत्या क्रमाने दूर करावा, याची माहिती येथे दिली आहे.

अडथळ्याचे कारण

विंडोजमध्ये सामान्यतः ‘एनटीएफएस’ या पद्धतीने माहिती साठविली जाते. ही पद्धत १९९३ साली प्रचारात आली. तिच्यात प्रत्येक फोल्डरबरोबर हक्कांची एक यादी असते. ते फोल्डर कोणी वाचावे, त्यात कोणी लिहावे व त्यातील वस्तू कोणी पुसावी, हे त्या यादीवरून ठरते. वरच्या फोल्डरचे हक्क आतील फोल्डरास बहुधा वारशाने मिळतात.

सॉफ्टवेअर ज्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरात बसते, तेथे साधे खाते असणाऱ्यास वाचण्याचा व चालविण्याचा हक्क असतो, लिहिण्याचा नसतो. २००७ साली सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून आणखी एक बंधन आले. प्रशासकाचे, म्हणजे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे खाते असले तरी संमती देईपर्यंत यंत्र त्यास साधे हक्कच देते. तेव्हा हा अडथळा म्हणजे यंत्रातील बिघाड नव्हे, तर मुद्दाम घातलेले कुंपण होय.

उपायांचा क्रम

१. प्रथम संदेश पूर्ण वाचून कागदावर उतरवून घ्यावा. त्यात बहुधा फोल्डरचे नाव किंवा क्रमांक असतो. १३०३ हा क्रमांक त्या फोल्डरात शिरण्याचा हक्क अपुरा असल्याचे दर्शवितो. १९२५ हा क्रमांक सर्व वापरकर्त्यांसाठी सॉफ्टवेअर बसविण्याचा अधिकार नसल्याचे सांगतो.

२. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती चालू असल्यास ती बंद करावी व संगणक एकदा पुन्हा सुरू करावा. फाइल दुसऱ्या कामात गुंतलेली असली तरीही प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

३. सॉफ्टवेअर ते तयार करणाऱ्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घेतलेले आहे, याची खात्री करावी. त्यानंतर बसविण्याच्या फाइलवर माउसचे उजवे बटण दाबून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा पर्याय निवडावा. संमती मागणाऱ्या चौकटीत प्रकाशकाचे नाव पाहूनच होकार द्यावा. खाते साधे असल्यास यंत्र प्रशासकाचा परवलीचा शब्द मागते. तो ज्याच्याकडे असेल त्याने स्वतः येऊन घालावा. चिठ्ठीवर लिहून यंत्रास चिकटवून ठेवू नये.

४. सॉफ्टवेअर एकाच व्यक्तीस हवे असेल व ‘फक्त माझ्यासाठी’ असा पर्याय मिळत असेल, तर तो स्वीकारावा. ते त्या व्यक्तीच्या स्वतःच्या फोल्डरात बसते व बहुधा वेगळ्या परवानगीची गरज पडत नाही.

५. इतके करूनही अडथळा राहिल्यास संदेशात आलेल्या फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ व त्यातील ‘सिक्युरिटी’ हे पान उघडावे. तेथे ‘सिस्टिम’ व ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ या दोघांस पूर्ण हक्क असावयास पाहिजेत. कारण विंडोजची सॉफ्टवेअर बसविणारी सेवा ‘सिस्टिम’च्या नावाने काम करते. त्यांचे नाव गळाले असल्यास ‘एडिट’मधून ते घालावे. ‘डिनाय’च्या रकान्यात कोठे खूण आहे काय, हेही पाहावे, कारण एकाच यादीत दिलेला हक्क व घातलेली मनाई अशी दोन्ही असली तर बहुधा मनाई वरचढ ठरते.

६. जुन्या संगणकाची डिस्क नव्यात बसविली असता फोल्डरच्या मालकाच्या जागी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांब क्रमांक दिसतो. विंडोज हक्कांची नोंद नावाने न ठेवता ओळख-क्रमांकाने ठेवते, आणि जुन्या खात्याचा क्रमांक नवे यंत्र ओळखत नाही. अशा वेळी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन मालकी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’कडे घ्यावी. हा उपाय आपल्या माहितीच्या फोल्डरापुरताच ठेवावा. ‘विंडोज’ या मूळ फोल्डराची मालकी कधीही बदलू नये.

७. अडथळा ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘डेस्कटॉप’ येथे येत असल्यास ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ हे संरक्षण चालू आहे काय, ते तपासावे. खंडणीखोर विषाणूंपासून माहिती राखण्यासाठी २०१७ साली ते विंडोजमध्ये आले. ते सर्वस्वी बंद न करता, खात्रीच्या त्या एकाच सॉफ्टवेअरास मुभा द्यावी.

काय करू नये

फोल्डरच्या ‘रीड-ओन्ली’ या चौकटीतील खूण काढण्यात वेळ दवडू नये. फोल्डरच्या बाबतीत ती लिहिण्यास मनाई करीत नाही.

‘एव्हरीवन’ या नावास पूर्ण हक्क देणे हे तर कटाक्षाने टाळावे. तसे केल्यास साधे खाते वापरणारा कोणीही, किंवा त्याच्या खात्यातून शिरलेला विषाणू, खऱ्या सॉफ्टवेअरच्या जागी खोटे ठेवू शकतो. पुढे प्रशासकाने ते चालविले की त्या खोट्या सॉफ्टवेअरास प्रशासकाचे सर्व अधिकार मिळतात आणि सभासदांचे कर्जखाते, भाग व ठेवी यांच्या नोंदी त्याच्या हाती जातात. एका वाफ्यास पाणी हवे म्हणून शेतकरी पाटाचा बांध फोडीत नाही. त्याच वाफ्याचे तोंड तेवढे उघडतो व पाणी पुरेसे झाले की बंद करतो.

फोल्डरच्या हक्कांतही हाच नियम पाळावा. जो हक्क कमी असेल तोच, ज्यास हवा त्यासच व लागेल तेवढाच काळ द्यावा. काम संपताच तात्पुरता दिलेला हक्क काढून घ्यावा, नित्याच्या कामासाठी साध्या खात्यावर परत यावे आणि केलेला बदल तारखेसह नोंदवहीत लिहून ठेवावा. म्हणजे पुढे अडचण आल्यास कोणते दार केव्हा उघडले होते, याचा शोध त्वरित लागेल व सभासदांच्या नोंदी सुरक्षित राहतील.