हायब्रीड मोटार : किंमत, इंधन आणि कुटुंबाचा हिशेब

‘हायब्रीड’ हा शब्द यवतमाळ जिल्ह्याला नवा नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी शेतकऱ्यांसाठी खुली झाली. त्या काळी राज्याचे मुख्यमंत्रिपद याच जिल्ह्यातील पुसदच्या वसंतराव नाईक यांच्याकडे होते. पुढे १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला. वऱ्हाडातील जुनी माणसे आजही ‘हायब्रीड’ म्हटले की प्रथम ज्वारीच समजतात. त्या बियाण्याने एक गोष्ट सर्वांना शिकविली होती. महाग बियाणे घेतले म्हणून पीक आपोआप वाढत नाही. पाणी, खत आणि जमीन यांची जोड असेल तरच जादा पैसा परत येतो. आज दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावातून एखादा शिक्षक किंवा ग्रामसेवक मोटार घेण्याचा विचार करू लागला की विक्रेता त्याच्यापुढे हायब्रीड मोटारीचे नाव ठेवतो. ही मोटारही त्या बियाण्यासारखीच आहे. ती कोणाच्या हाती, कोणत्या रस्त्यावर आणि वर्षाकाठी किती धावणार, यावर तिची किफायत अवलंबून असते.

या मोटारीचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. तिच्यात पेट्रोलचे इंजिन आणि विजेवर चालणारी मोटर अशी दोन साधने एकत्र बसविलेली असतात. ब्रेक लावताना साध्या गाडीची गती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हायब्रीड गाडीत त्या वेळी विजेची मोटर जनित्राचे काम करते आणि वाया जाणाऱ्या गतीचा काही भाग वीज म्हणून बॅटरीत साठविते. गाडी पुन्हा सुटताना हीच वीज उपयोगी पडते. थांबताना व सुटताना, म्हणजे ज्या वेळी पेट्रोलचे इंजिन सर्वांत उधळपट्टी करते नेमक्या त्या वेळी, ते बंद ठेवता येते. बॅटरी बाहेरून भारित करावी लागत नाही. मात्र यातून एक गैरसमज पसरला आहे. ही वीज फुकटची नव्हे. ती शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. टोयोटा कंपनीने ‘प्रियस’ ही मोटार १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये विक्रीस आणली, तेव्हापासून हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरात आले.

भारतात या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि ग्राहकाची पहिली चूक येथेच होते. एका प्रकाराला सौम्य हायब्रीड म्हणता येईल. त्यात लहानशी बॅटरी व छोटी मोटर असून ती इंजिनाला केवळ हातभार लावते. एकट्या विजेवर गाडी चालत नाही. दुसरा प्रकार पूर्ण हायब्रीडचा, ज्याला बाजारात ‘स्ट्राँग हायब्रीड’ म्हणतात. त्यात गाडी काही अंतर केवळ विजेवर जाऊ शकते. २०२२ साली बाजारात आलेल्या मारुती सुझुकीच्या ‘ग्रँड विटारा’ आणि टोयोटाच्या ‘अर्बन क्रूझर हायरायडर’ या गाड्या दोन्ही प्रकारांत मिळू लागल्या. त्यांच्या पूर्ण हायब्रीड प्रकाराचा प्रमाणित इंधनवापर लिटरमागे २७.९७ किलोमीटर, तर सौम्य प्रकाराचा, हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत, सुमारे २१ किलोमीटर सांगितला गेला. त्याच वर्षीच्या होंडा ‘सिटी’ हायब्रीडचा आकडा २६.५ होता. गाडीच्या मागे ‘हायब्रीड’ ही पट्टी आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पट्टी कोणत्या प्रकाराची, हे विचारून घेणे अगत्याचे आहे.

हे आकडे ठराविक पद्धतीच्या चाचणीतून, प्रयोगशाळेत काढले जातात. गावाकडच्या रस्त्यावर, चार माणसे आणि सामान घेऊन, वातानुकूलन चालू ठेवून वैशाखात गाडी चालविली तर तो आकडा मिळण्याची आशा बाळगू नये. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे मिश्रण आले आहे. त्यामुळे, त्यासाठी खास जुळवणी केलेल्या गाड्यांत इंधनवापराची कार्यक्षमता एक ते दोन टक्के आणि इतर गाड्यांत तीन ते सहा टक्के घटते, असे केंद्र सरकारनेच २०२५ मध्ये स्पष्ट केले.

एका शिक्षकाचा हिशेब

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एक शिक्षक शाळेत जाण्यायेण्यासाठी रोज ४० किलोमीटर गाडी चालवितो. वर्षातील २५० दिवस धरले तर वर्षाला १०,००० किलोमीटर होतात. पेट्रोलचा दर हिशेबासाठी लिटरमागे १०५ रुपये धरू. रस्त्यावरचा खरा इंधनवापर सौम्य प्रकारात लिटरमागे १६ आणि पूर्ण हायब्रीडमध्ये २२ किलोमीटर मानू. पहिल्या गाडीला किलोमीटरमागे सुमारे ६ रुपये ५६ पैसे आणि दुसरीला ४ रुपये ७७ पैसे लागतील. बचत १ रुपया ७९ पैसे, म्हणजे वर्षाला सुमारे १७,९०० रुपये.

ही रक्कम लहान नाही. परंतु पूर्ण हायब्रीड गाडी आपल्या भावंडापेक्षा दोन लाख रुपयांनी महाग आहे असे धरले, तर केवळ ही जादा किंमत भरून निघण्यास अकरा वर्षांहून अधिक काळ लागतो. पुष्कळ कुटुंबांचा हिशेब येथेच थांबतो. वस्तुतः तो पुढे न्यावयास हवा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल मोटारीवर एकरकमी वाहनकर १२ टक्के आहे. तेव्हा दोन लाखांच्या फरकावर आणखी २४,००० रुपये जातात. ते दोन लाख कर्जाऊ काढले आणि व्याज ९ टक्के, मुदत पाच वर्षे धरली, तर मासिक हप्ता सुमारे ४,१५० रुपये पडतो आणि व्याजापोटी ४९,००० रुपयांहून अधिक द्यावे लागतात. एकूण जादा बोजा २,७३,००० रुपयांच्या घरात जातो. १७,९०० रुपयांच्या वार्षिक बचतीतून तो फिटण्यास पंधरा वर्षे लागतील. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांचीच असते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

याउलट, वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्या कापूस व्यापाऱ्याचा किंवा भाड्याने गाडी देणाऱ्याचा हिशेब पाहावा. त्याची वार्षिक बचत ५३,७०० रुपये होते आणि तोच बोजा पाच वर्षांत फिटतो. त्यानंतरची बचत निव्वळ त्याची. तेव्हा हायब्रीड गाडी महाग की स्वस्त, या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

रस्त्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. नागपूर-पुण्याच्या गर्दीत वारंवार थांबावे लागते, म्हणून तेथे हायब्रीडचा गुण पुरेपूर दिसतो. यवतमाळ-दारव्हा मार्गावर मोटारी तशा अडकून पडत नाहीत. जवळच कारंजा लाड येथून समृद्धी महामार्गावर चढणारी गाडी तर तासन्‌तास एकाच वेगाने धावते. ब्रेकमधून परत मिळणारी वीज तेथे फारशी नसते. अशा प्रवासात दोन्ही गाड्यांचा इंधनवापर अनुक्रमे १७ आणि २० किलोमीटर पडला, तर किलोमीटरमागची बचत ९३ पैशांवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते.

लहान गाडीची बाजू

काटकसरी ग्राहकाने हायब्रीडची तुलना तिच्याच आकाराच्या गाडीशी करावी, असे विक्रेत्याला वाटते. ग्राहकाने तसे का करावे? मारुतीच्या ‘सिलेरिओ’चा २०२१ मधील सर्वोत्तम प्रमाणित आकडा लिटरमागे २६.६८ किलोमीटर होता; मोठ्या हायब्रीड गाडीच्या आकड्याहून तो जेमतेम सव्वा किलोमीटरने कमी आहे. हायब्रीड तंत्राने काय साधले, हे यावरून समजते. मोठी गाडी लहान गाडीइतकेच पेट्रोल पिऊ लागली. ज्याला मोठी गाडी खरोखर हवी आहे त्याच्यासाठी हे मोठेच वरदान आहे. ज्याला चौघांनी दारव्ह्याला जाऊन यावयाचे आहे, त्याचे काम लहान गाडीत भागते. रस्त्यावर तिने लिटरमागे २० किलोमीटर दिले तरी हायब्रीडच्या तुलनेत तिचा इंधनखर्च वर्षाला केवळ सुमारे ४,८०० रुपयांनी जास्त येईल, आणि खरेदीत वाचणारी रक्कम लाखांत मोजावी लागेल.

करांतील बदलानेही तराजू याच बाजूला झुकविला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या व १,२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. मोठ्या गाड्यांवर, हायब्रीड असो वा नसो, सरसकट ४० टक्के कर लागला. पूर्वी मोठ्या हायब्रीडवर उपकरासह ४३ टक्के आणि तिच्या बरोबरीच्या साध्या मध्यम गाडीवर ४५ टक्के आकारणी होती. म्हणजे दोघींचा कर उतरला, पण हायब्रीडला मिळणारी दोन टक्क्यांची सवलत नाहीशी झाली. विजेवर चालणाऱ्या मोटारीवर मात्र ५ टक्केच कर कायम राहिला.

विजेच्या मोटारीचा विचार येथे ओघाने येतो. घरी भारित करण्याची सोय असेल तर तिचा किलोमीटरमागचा खर्च पेट्रोलच्या तुलनेत फारच थोडा येतो. परंतु घरगुती वीजवापर वाढला की दराचा टप्पाही वरचा लागतो, हे विसरू नये. महिन्याचे बिल आधीच भारी असणाऱ्या घराने ते बिल समोर ठेवूनच निर्णय घ्यावा. सीएनजीचा पर्यायही आकर्षक आहे. ‘वॅगन-आर’चा प्रमाणित आकडा किलोमागे ३४.०५ किलोमीटर आहे. मात्र टाकीने सामानाची जागा अडते, आणि वायूचा पंप रोजच्या वाटेवर नसेल तर बचतीचा काही भाग पंपाच्या शोधातच खर्ची पडतो.

हायब्रीडच्या बॅटरीची धास्ती अनेकांना वाटते. वर उल्लेखिलेल्या पूर्ण हायब्रीड गाड्यांच्या बॅटरीवर कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. धास्ती नव्या गाडीच्या खरेदीदाराने फारशी बाळगण्याचे कारण नाही. ती जुनी हायब्रीड घेणाऱ्याने बाळगावी. हमीचे किती दिवस उरले आहेत, हमी नव्या मालकाच्या नावे चालते काय आणि हे काम जाणणारी कर्मशाळा यवतमाळात आहे की थेट नागपूर गाठावे लागेल, या तीन गोष्टी सौद्यापूर्वी लेखी स्वरूपात पाहाव्यात. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांना अचानक पूर येणाऱ्या या भागात आणखी एक दक्षता हवी. पाण्यात घातलेल्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरून झालेली हानी सर्वसाधारण विमा पत्रात बहुधा मोडत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

आणि ज्याचा प्रवास महिन्यातून चारदोन वेळाच होतो, त्याने एसटीलाही हिशेबात धरावे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे. उभ्या गाडीचाही विमा भरावा लागतो, तिच्या कर्जाचे व्याज चालूच राहते आणि तिची किंमतही घटत राहते.

वरील सर्व आकडेमोड गृहीत दरांवर केली आहे. प्रत्येकाने आपले आकडे घालून ती पुन्हा करावी. सध्या वापरात असलेल्या गाडीचा खरा इंधनवापर काढण्याची रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरून मीटरवरील आकडा वहीत लिहावा. नेहमीप्रमाणे गाडी वापरून पुन्हा त्याच पंपावर टाकी काठोकाठ भरावी. मधल्या किलोमीटरांना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागावे. असे तीन वेळा करून सरासरी घ्यावी, कारण एका वेळच्या आकड्यात टाकी भरण्याचा फरक शिरतो. गुणोत्तर आणि सरासरी शिकणाऱ्या वर्गाला हेच उदाहरण शिक्षकांनी घालावे. मुले घरी जाऊन वडिलांच्या मोटारसायकलवर ते करून पाहतात.